वंदना म्हणताना दम कुठे घ्यायचा

आधी वार लिहा, मग हजर कोण कोण ते लिहा, मग मी बोलते. मागाहून नावं घालायला गेलं की एखादं माणूस हमखास गळतं. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तेवीस वर्षं पॅकिंग सांभाळलंय मी, मला विचारा. तर लिहा, गुरुवार, माघी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले, दुपारचे साडेतीन, काशीगाव. हजर मी, शोभा जाधव, वय चोपन्न. आमचे हे, सुरेश जाधव, रिटायर, कॉटवर बसलेत, हातात पेपर आहे पण दहा मिनिटांत एक पान उलटलेलं नाही. मुलगी प्रज्ञा, आज तिची सुट्टी, आत पोहे करतेय. आणि तुम्ही, दम्याच्या केंद्रातल्या मानसी मॅडमनी माझं लिहून घ्यायला पाठवलेल्या. चार माणसं. आता विचारा. नाही, विचारू नका, मीच सांगते, कोणी विचारलं की मी अडखळते.

मी मूळची दापोलीकडची. आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला, आणि वाडीच्या खाली काजू भाजायची भट्टी. काजूच्या टरफलाचा धूर तुम्ही कधी घेतलाय का, डोळ्यातनं पाणी आणि घशात काटे, आणि आई तिथंच कामाला, मला बाजूला गोणपाटावर बसवून ठेवायची. तर लहानपणापासून मला धाप. दमा हा शब्द घरात कोणी काढायचा नाही, दमा म्हटलं की माणूस कामातनं गेलं असा हिशोब, म्हणून शोभाला जरा धाप आहे म्हणायचे. आई रुईचं पान तव्यावर शेकून छातीला लावायची. त्याने काय होत असेल नसेल, पण आईचा हात छातीवर असायचा, तेवढ्यानं झोप लागायची.

आवाज मात्र होता मला. बाबा वाडीतल्या विहारात वंदना घ्यायचे, त्यांच्या मांडीशी बसून बसून सहाव्या वर्षी माझं त्रिसरण पंचशील पाठ, पुढच्या गाथाही पाठ. बाबा सांगायचे, दम तोडायचा नाही, दम तोडला की ओळ तुटते. मग मी तीन तीन ओळी एका श्वासात ओढायची, आणि वाडीतल्या बायका म्हणायच्या, बघा, एरवी धापते पोरगी, वंदनेला उभी राहिली की धाप कुठं पळते कोण जाणे. काय सांगू तुम्हाला, त्या एका वाक्यावर मी पुढची चाळीस वर्षं काढली. दुसरं काही कौतुक करण्यासारखं माझ्यात नव्हतं, दिसायला बेताची, शिक्षण नववी, पण आवाज होता.

लग्न ठरलं तेव्हा आईनं तालुक्याच्या डॉक्टरनं दिलेला धापेवरचा पंप माझ्या पेटीत साडीच्या घडीत ठेवला आणि म्हणाली, सासरी कोणासमोर घेऊ नको, निदान एक मूल होईपर्यंत तरी नको. मग मी मोरीत घ्यायला लागले. नळ सोडायचा आणि बादलीत पाणी पडायच्या आवाजात फुस्स करून घ्यायचा. काशीगावात तेव्हा पाणी दिवसाआड, मग पाणी नसेल त्या दिवशी टमरेल आपटायचं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, आमची सून फार टापटिपीची, दिवसातनं चार वेळा मोरी धुते. आणि गंमत बघा, आमचे हे पाणी खात्यात चावीवाले. अख्ख्या गावाला पाणी सोडायचे, बंद करायचे, कुठल्या गल्लीत किती वेळ पाणी आलं ते बोटांवर सांगायचे, पण घरात बायको एवढं पाणी कशाला सांडते हे त्यांनी कधी विचारलं नाही.

लग्नाला वर्ष होत आलं असेल, एक दिवस मोरीत गेले तर तिथे निळा प्लॅस्टिकचा स्टूल. म्हटलं हा कोणी आणला, तर हे म्हणाले, मी आणला, पाय धुवायला बरा पडतो. स्वतः त्यावर कधी बसले नाहीत, एक दिवस नाही. मी बसायची. धाप लागलेली असताना उभ्यानं पंप ओढणं आणि बसून ओढणं ह्यात किती फरक आहे ते ज्याला लागतं त्यालाच कळतं, आणि ह्यांना कसं कळलं कोणास ठाऊक. पुढं सत्तावीस वर्षं त्या स्टुलाबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. त्यांना माहीत होतं, त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि रोजचा संसार चाललेला.

काय म्हणालात? ऐकलंत ना, कॉटवरनं काय आलं ते. पाय धुवायलाच आणला होता, म्हणे. अजून तेच.

विहार आमचं इथनं चार गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर, खाली कमिटीची खोली. मोहिते गुरुजी बौद्धाचार्य आहेत, लग्न, नामकरण, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, वहिनी, बायकांची वंदना तुम्ही घ्या. तेव्हापासून मीच. आणि पुढं उभं राहणाऱ्या माणसाचा मान असतो, मेणबत्ती आणि अगरबत्ती त्यानंच लावायची. आमच्यात कोणाच्या घरी जायचं तर अगरबत्तीचा पुडा घेऊन जातात, चाळीस माणसं आली की चाळीस जणांच्या अगरबत्त्या एका ताटात. त्या सगळ्या मी पेटवायची, वाकून, तोंडाशी, आणि वर तीन ओळी एका दमात म्हणायची. अगरबत्तीच्या धुरानं मला लागतं हे मला कळत होतं हो. पण बोलायचं कसं? तथागतांसमोर, बाबासाहेबांच्या फोटोसमोर लावलेल्या अगरबत्तीचा मला त्रास होतो म्हणायचं? त्यापेक्षा आधी मोरीत जाऊन दोन पफ जास्त घ्यायचे. रोजचा पंप घ्या, रोजचा घ्या असं डॉक्टर सांगायचे, तो मी घ्यायची नाही, सवय लागेल म्हणून, आणि अडीनडीचा तेवढा सतरा वेळा घ्यायची. चूक एकच नव्हती बघा, एकीवर एक रचलेली होती, आमच्या डब्यांच्या थप्पीसारखी.

मग गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर, आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाबांचं पुण्यानुमोदन होतं, घरातच, थंडी म्हणून खिडक्या बंद. ताटभर अगरबत्त्या. मी दुसऱ्या गाथेला होते. एवढंच आठवतंय की ओळ पुढं आहे आणि माझ्याकडे वाराच नाही, आत पण जात नाही, बाहेर पण येत नाही, आणि बायकांना वाटतंय मी आळवतेय, त्या थांबल्यात माझ्यासाठी. खाली पडले तेव्हा कळलं त्यांना. आठ दिवस दवाखाना, त्यातले तीन मशीनवर.

घरी आले ती दुसरीच शोभा. तुम्हाला खरं सांगते, मशीनवरच्या तीन दिवसांपेक्षा नंतरचे आठ महिने वाईट. गोळ्यांनी तोंड सुजलेलं, रडू यायचं, चिडायची. एकटी बसायची नाही. आडवी झोपायची नाही, चार उशा लावून बसून रात्र काढायची. शिंक आली तरी वाटायचं आलं परत. कारखाना सुटला, पॅकिंगच्या पोरी दोनदा भेटायला आल्या, मी झोपल्याचं सोंग घेतलं. आणि घरच्यांनी मला असं जपलं, असं जपलं की विचारू नका. प्रज्ञानं फोडणी बंद केली, दोन महिने उकडलेलं खाल्लं सगळ्यांनी. ह्यांनी मोरीची कडीच काढून टाकली, आत अडकले तर म्हणून. ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचं ते मशीन ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात, मी भांडं उचललं की बोट, मी हसले की बोट, दारावर पोस्टमन आला आणि मी उठले की बोट. एकदा म्हटलं, अहो, बोट झिजेल माझं. तर म्हणाले, दुसरं घे, दहा आहेत.

प्रज्ञानंच शोधून काढलं ते केंद्र, सिल्व्हर पार्कच्या अलीकडे, एका बँकेच्या वर. दमेकऱ्यांचे व्यायाम आणि बोलणं दोन्ही होतं म्हणाली. मी म्हटलं, ज्याला श्वास नाही तो व्यायाम कसला करणार, आणि बोलायचं काय त्यात, मी वेडी आहे का? गेले ते तिच्या हट्टापायी. आठवड्यातनं दोनदा, दहा-बारा आठवडे, रिक्षानं. तिथे रिद्धी म्हणून मुलगी, फिजिओ, गुजराती, मराठी बोलते पण तिचं स्वतःचंच. शोभामासी, टेन्शन नका घेऊ, गरम चाय असते ना, त्याच्यावर फुंक मारतो ना, बस एवढंच, धीमे धीमे. ओठ गोल करून सोडायचं, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. पहिल्या दिवशी सहा मिनिटं चालायला लावलं, मी भिंत धरून धरून चालले, दोनदा बसले. ती शेजारी चालत होती, म्हणे मासी, तुम्ही पडणार नाही, आणि पडलात तर मी आहे, माझी नोकरीच ती आहे.

आणि मानसी मॅडम, समुपदेशन करणाऱ्या. त्यांना वाटलं होतं मी बोलणार नाही. मी वही काढली. दवाखान्यातनं आल्यापासून मी यादी केली होती, काय काय करायचं नाही त्याची, पान पान भरलेलं, जिना नाही, विहार नाही, झाडू नाही, लग्न नाही, एकटीनं दुकान नाही, थंड पाणी नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. त्यांनी शांतपणे सगळी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. हसायचं नाही. म्हणाल्या, शोभाताई, हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही, हसले की खोकला येतो, खोकला आला की भीती वाटते. म्हणाल्या, मग ह्यातलं दम्याचं किती आणि भीतीचं किती, दोन रकाने करूया. बास, रकाने म्हटल्यावर मी पेन उचललं. घरी न्यायला एक मशीन दिलं त्यांनी, नळीत जोरानं फुंकायचं आणि आकडा लिहायचा. धाप वाटली की आधी आकडा. आकडा बरा असेल तर भीती, मग बसून चहावरची फुंकर. आकडा पडलेला असेल तर दमा, मग पंप, आणि पंपानं नाही उतरलं तर सरळ दवाखाना, वाट बघत बसायचं नाही. पंधरा दिवस लिहिलं तेव्हा माझं मलाच दिसलं, दहातल्या सहा वेळा आकडा चांगला असायचा. आणि रोजचा पंप नेमानं सुरू केल्यावर तर आणखी चढला. म्हणजे दमा खोटा होता असं नाही, लिहून घ्या हे नीट, लोक लगेच म्हणतात मनाचे खेळ आहेत. दमा खराच. पण त्याच्या पाठीवर भीती बसलेली, आणि दोघांचं वजन मी एकाच्याच नावावर लिहीत होते.

मॅडमनी विचारलं, ह्या यादीतलं सगळ्यात आधी काय परत हवंय? मला वाटलं मी म्हणेन नोकरी. तोंडातनं आलं वंदना. आणि तिथंच रडले, चांगली अर्धा तास रडले.

मग रिद्धी म्हणाली, मला म्हणून दाखवा. तिला पाली कुठलं कळतंय, पण कान देऊन ऐकलं, हातात पेन्सिल. मी बाबांच्या सवयीनं तीन ओळी ओढायला गेले आणि खोकले. म्हणाली, मासी, हे लिहून द्या मला. लिहून दिलं तर तिनं मध्ये मध्ये रेघा मारल्या, इथे श्वास, इथे श्वास. मी म्हटलं, बाई, मध्येच दम घेतला तर ओळ तुटते, बाबा म्हणायचे. ती म्हणाली, आमच्या दादी पण लांब स्तोत्र म्हणतात, मध्ये श्वास घेतात, देव उठून जात नाही. तुमचे तर देव पण नाहीत ना, मग कोण रागावणार? मी हसले. खोकला आला. आणि मग गेला.

मोहिते गुरुजींकडे गेले, पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून रेघा बघितल्या आणि म्हणाले, वहिनी, दम घ्यायला तुम्हाला कोणी मनाई केली होती? चाळीस वर्षं, काय सांगू तुम्हाला, चाळीस वर्षं मी ज्याच्यासाठी जीव काढला ते कोणी मागितलंच नव्हतं.

पण अगरबत्तीचं राहिलं होतं. ते कमिटीत बोलायला लागणार होतं, सगळ्यांसमोर. मानसी मॅडमबरोबर आठ दिवस मी ते वाक्य म्हणून बघत होते. शेवटी उभी राहिले आणि म्हटलं, मला दमा आहे, लहानपणापासून, मी लपवला, अगरबत्तीच्या धुरानं मला लागतं, तर वंदनेला आत लावू नका अशी माझी विनंती आहे. सखूआत्या आमच्यातल्या जुन्या, त्या म्हणाल्या, आता गं बया, आज अगरबत्ती नको, उद्या म्हणशील फुलांचा वास येतो, परवा म्हणशील आमचाच वास येतो. सगळे हसले, मी पण. मग गुरुजी म्हणाले, फुलं आहेत, मेणबत्ती आहे, तेवढं पुरे, ज्यांना अगरबत्ती लावायचीच आहे त्यांनी बाहेर कठड्यावर लावावी. आणि हळूच म्हणाले, खरं सांगू का, माझेही डोळे वर्षानुवर्षं चुरचुरतायत, मी वयामुळे समजत होतो. मग एकीचं पोर खोकतं, एकीचं डोकं चढतं, निघायला लागलं एकेकाचं. सखूआत्यांनी पुडा पिशवीत घातला आणि जिन्यात मला म्हणाल्या, आधी बोलायचंस की गं, आम्ही काय परके का?

माघी पौर्णिमेला मी जिना चढले. अठरा पायऱ्या, सहाव्या आणि बाराव्या पायरीला थांबून. उभी राहिले, सुरुवात केली, रेघेला रेघेला दम घेत. पंचशील झालं. पुढच्या गाथेत गर्दी होती, मेणबत्त्या होत्या, माझी छाती आवळली. मी थांबले. आकडा बघायला वेळ नव्हता, पण आता मला ओळखता येतं, हे दम्याचंच होतं. पिशवीतनं पंप काढला, औषध आत नीट जावं म्हणून त्याला लावतात ती प्लॅस्टिकची नळी लावली, आणि ऐंशी माणसांसमोर घेतला. नळ नाही, टमरेल नाही. थांबले, मग दुसरा. एका पोरानं मोठ्यानं विचारलं, आजी काय पितेय? त्याच्या आईनं फटका दिला, मी म्हटलं मारू नको, औषध पितेय बाळा, थांब जरा, मग पुढचं म्हणू. आणि सगळे थांबले हो. नुसते थांबले. चार-पाच मिनिटं गेली असतील, छाती सुटली आणि मी जिथनं सोडलं होतं तिथनं उचललं.

प्रज्ञा, बाबा दूध आणायला गेले ना? गेले. मग आता पटापट लिहून घ्या, त्यांच्यासमोर हे बोलता येत नाही.

वंदना संपली, बायका भेटायला आल्या, मी ह्यांना शोधतेय तर जागेवर नाहीत. जिन्यात सापडले, सहाव्या पायरीवर. सदरा घामानं भिजलेला, आणि श्वास बघितला तर माझ्यापेक्षा फास्ट. आम्ही घाबरलो, हार्ट असेल म्हणून तिथनंच दवाखान्यात नेलं, सगळं तपासलं, काही नाही. भीती. हे म्हणाले, तू थांबलीस ना, मला परत दवाखान्यातलं ते काचेचं दार दिसलं, तुला आत नेलेलं. प्रज्ञानं तेव्हा सांगितलं, आई, तू हल्ली आडवी झोपतेस, बाबा झोपत नाहीत, खुर्ची ओढून तुझा श्वास ऐकत बसतात, सव्वा वर्ष झालं. मला माहीत नाही, बघा. माझ्या धापेचं सगळं त्यांना माहीत, त्यांच्या जागरणाचं मला काही माहीत नाही, आणि शेजारी झोपते मी.

मानसी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हे होतं, घरच्या माणसाच्या छातीवरही वजन असतं, बुधवारी आमच्याकडे घरच्यांचा गट बसतो, त्यांना घेऊन या. फॉर्म पाठवला. मी भरलाय सगळा, नाव, वय, पत्ता, नातं. ह्यांना म्हटलं सही करा, तर म्हणाले, मला काय झालंय, श्वास तुला लागतो. काल बुधवार होता, गेला. मी चिडले नाही, मी कशी चिडणार, मला पहिल्यांदा तिथे न्यायला पोरीला किती दिवस लागले ते आठवतंय. पण मला आता त्यांच्यासाठी काहीतरी करता यावं असं फार वाटतं हो. एवढा चांगला माणूस. आयुष्यभर दुसऱ्याच्या नळाला पाणी पोचलं की नाही ते बघत फिरला.

आले वाटतं. अहो, दूध प्रज्ञाकडे द्या, आणि इकडे बसा जरा माझ्याजवळ. नाही, धाप नाही लागली, बोट नको. हा कागद बघायचाय. चहा होऊ दे म्हणताय? बरं, होऊ दे चहा.

तुम्ही एवढं लिहा, बुधवारचा फॉर्म भरलेला आहे, सही बाकी.